कण २ नॅनोमीटरचे, पण गॅस चिकटतोय १८ नॅनोमीटरच्या हिशोबाने! कोणी सांगेल का?

प्राजक्त_फूल
नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसती वाचते, आज पहिल्यांदा धागा काढतेय कारण महिनाभर एकाच जागी अडकलेय. पीएचडीचं दुसरं वर्ष, विषय टायटॅनियावर (टायटॅनियम डायऑक्साइडच्या पावडरीवर) बसवलेले प्लॅटिनमचे नॅनोकण आणि त्यांच्यावर कार्बन मोनॉक्साइड म्हणजे सीओ किती आणि कसा चिकटतो. लोडिंग, म्हणजे वजनाने प्लॅटिनम, १ टक्का. टीईएमखाली (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली) दोनशे कण मोजले, सरासरी २.२ नॅनोमीटर आली, आणि कण इतके सुंदर एकसारखे होते की त्या दिवशी हॉस्टेलवर पेढे वाटले मी.

मग सीओ पल्स केमिसॉर्प्शन केलं, म्हणजे पावडरीला सीओचे मोजके घास एकामागून एक द्यायचे, जो चिकटत नाही तो पुढे जाऊन आलेखावर पीक देतो. ते मशीन आमच्याकडे नाही, दुसरीकडे नंबर लावावा लागतो, तीन आठवड्यांनी वेळ मिळाली. ०.३ ग्रॅम पावडर, ५ टक्के सीओ, लूप, म्हणजे एका पल्सचं माप, अर्ध्या मिलीचा. पहिली पल्स बऱ्यापैकी गिळली आणि दुसऱ्याच पल्सला पीक पूर्ण उंचीचं! म्हणजे कॅटॅलिस्टचं पोट एका घासात भरलं. हिशोब केला तर ग्रॅममागे जेमतेम ०.०७ मिली सीओ, डिस्पर्शन ६ टक्के, आणि त्यावरून कण निघतो १८ नॅनोमीटरचा.

गाईडचं म्हणणं, टीईएमला तू फक्त छान दिसणाऱ्या जागा निवडल्यास. तसं केलेलं नाहीये मी, पण उत्तरही देता येत नाहीये. प्रीट्रीटमेंट लिहून ठेवते: ५०० अंशाला दोन तास हायड्रोजन, मग त्याच तापमानाला हीलियम, मग ३५ अंशापर्यंत थंड करून पल्सेस.

तांबडं_फुटलं
प्राजक्तताई, मी शाळेत विज्ञान शिकवतो, बारावीपलीकडचं रसायन विसरलोय, पण धागा वाचून राहवेना. डिस्पर्शन म्हणजे नेमकं काय आणि गॅस किती चिकटला त्यावरून कण केवढा हे कसं काय कळतं?

अणुरेणू
सर, मी सांगते, कॉलेजात हेच शिकवते.

फळवाल्याच्या गाडीवर रचलेली संत्र्यांची रास डोळ्यासमोर आणा. राशीच्या पोटातल्या संत्र्याला सगळीकडून मिळून १२ शेजारी असतात. प्लॅटिनम, सोनं, निकेल, पॅलॅडियम या धातूंत अणू असेच रचलेले असतात. गॅसला हात लावता येतो तो फक्त बाहेरच्या अणूंना, पोटातले अणू त्याच्या दृष्टीने नसल्यातच जमा. तर एकूण अणूंपैकी बाहेर किती, हे प्रमाण म्हणजे डिस्पर्शन. १३ अणूंचा गोळा केला तर १२ बाहेर, एक आत, म्हणजे ९२ टक्के. पुढचा थर चढवला की ५५ अणू, त्यातले ४२ बाहेर. मग १४७ ला ९२. आणि ५६१ अणूंचा कण, जो प्लॅटिनमचा असेल तर साधारण २.५ नॅनोमीटर भरतो, त्यात २५२ बाहेर, म्हणजे ४५ टक्के. प्लॅटिनमसाठी आम्ही ठोकळ हिशोब ठेवतो की १.१ ला नॅनोमीटरमधल्या व्यासाने भागा, डिस्पर्शन येतं. १० नॅनोमीटरच्या कणात नव्वद टक्के प्लॅटिनम, तेही एवढं महाग, आत नुसतं बसून असतं.

आता उलटा हिशोब. बाहेरच्या एका प्लॅटिनम अणूवर एक सीओ बसतो असं धरायचं आणि किती सीओ चिकटला ते मोजायचं, की बाहेर किती अणू आहेत ते कळलं. प्राजक्तच्या एक ग्रॅम पावडरीत १० मिलिग्रॅम प्लॅटिनम आहे, म्हणजे सुमारे ५१ मायक्रोमोल. २.२ नॅनोमीटरचे कण असतील तर निम्मे अणू बाहेर, तेव्हा २५ मायक्रोमोलच्या आसपास सीओ चिकटायला हवा, म्हणजे ग्रॅमला ०.५७ मिली. तिला मिळाला ०.०७. आठ पट फरक आहे, ही हिशोबातली किरकोळ चूक नाही.

तांबडं_फुटलं
आभारी आहे मॅडम, संत्र्यांवरून लगेच कळलं. मग कण जितका बारीक तितका चांगला ना? सगळेच अणू बाहेर आणायचे, विषय संपला. लोक दोन-तीन नॅनोमीटरवर का थांबतात?

दूरदेशी
सर, हाच प्रश्न आमच्या क्षेत्रात कितीतरी वर्षं चघळला गेलाय आणि त्याचं उत्तर ‘नाही’ असं आहे, निदान सगळ्या धातूंना नि सगळ्या गॅसना लागू होईल असं ‘हो’ तरी नक्कीच नाही. मी नेदरलँड्समध्ये पोस्टडॉक करतो म्हणून इथलंच उदाहरण देतो. सीओ आणि हायड्रोजनपासून डिझेलसारखे लांब साखळीचे हायड्रोकार्बन बनवतात त्याला फिशर-ट्रॉप्श म्हणतात, त्यात कोबाल्ट वापरतात. उट्रेख्टच्या क्रेन द यॉन्ग यांच्या गटाने २००६ साली कार्बन नॅनोफायबरवर २.६ पासून २७ नॅनोमीटरपर्यंतचे कोबाल्टचे कण बसवून पाहिले. मोठ्या कणांपासून खाली येताना बाहेरच्या प्रत्येक अणूमागचं काम तेवढंच राहिलं, आणि ६ नॅनोमीटरच्या खाली उतरल्यावर धाडकन पडलं. ३५ बारच्या दाबाला तर ही रेषा ८ च्या आसपास सरकली. म्हणजे बाहेरचे अणू वाढले पण प्रत्येक अणू कामचुकार झाला.

का, तर पुढे २००९ मध्ये त्याच गटाने चालू रिअ‍ॅक्शनमध्येच साध्या कार्बनच्या सीओऐवजी अचानक जड कार्बनचा सीओ सोडून बघितलं की कोणता रेणू पृष्ठभागावर किती वेळ टिकतो, तेव्हा दिसलं की बारीक कणांवर हायड्रोजनचं आच्छादन वाढतं आणि काही सीओ असा चिकटून बसतो की उठतच नाही. कडेकोपऱ्यावरचे अणू त्याला सोडत नाहीत, जागा अडून राहते.

अणुरेणू
दूरदेशी, छान सांगितलंत. सर, यातला ‘कडेकोपरा’ महत्त्वाचा आहे, पुन्हा राशीकडे चला. सपाट बाजूच्या मधोमध असलेल्या अणूला ९ शेजारी असतात, दुसऱ्या प्रकारच्या चौकोनी बाजूवर ८, कडेला ७, आणि मी वर सांगितलेल्या आकारात अगदी टोकाला फक्त ५. १२ शेजाऱ्यांशी जोडायची ताकद असलेल्या अणूला ५ च मिळाले तर बाकीची ताकद मोकळी राहते, आणि कोणी पाहुणा आला की तो त्याला जास्त घट्ट धरतो. फिजिक्सवाले म्हणतील डी-बँड अरुंद होऊन वर सरकतो, अर्थ तोच.

आता मोजा. ५६१ अणूंच्या कणात बाहेरचे २५२, त्यातले कडेला नि टोकाला मिळून १०८, म्हणजे ४३ टक्के. ५५ च्या कणात बाहेरचे ४२, त्यातले कडेला-टोकाला ३६! म्हणजे ८६ टक्के. आणि पहिल्या प्रकारची ती ९ शेजाऱ्यांची सपाट जागा तिथे एकसुद्धा उरत नाही. तेव्हा कण बारीक करताना तुम्ही नुसतं क्षेत्रफळ वाढवत नाही, तुम्ही पृष्ठभागाची जातच बदलता. मला हे मुलांना सांगायला फार आवडतं कारण पाठ्यपुस्तकात ‘सरफेस एरिया वाढतो’ एवढ्यावर गाडी थांबते आणि खरी गंमत तर त्याच्या पुढे आहे.

घट्ट धरणं नेहमी चांगलं नसतं. ज्याने निकेलवर हायड्रोजनेशन शोधलं आणि १९१२ चं नोबेल घेतलं त्या साबातिए यांचं म्हणणं हेच की धरावं, पण सुटेल इतपतच.

भट्टीवाले_काका
वाचतोय. निकेलचं नाव निघालं म्हणून लिहितो. मी आयुष्यभर खत कारखान्यात, रिफॉर्मर नि अमोनिया, त्याआधी दोन वर्षं वनस्पती तुपाच्या प्लांटला होतो, तिथेही निकेलच, तेलात हायड्रोजन घालायला.

आमच्या पिढीत बारीक कण म्हणजे चांगला माल असंच समजत. पण नायट्रोजनच्या बाबतीत एक जुना अभ्यास आहे तो मला एका वरिष्ठांनी सांगितला होता नि मग मी स्वतः शोधून वाचला. व्हान हार्डेव्हेल्ड आणि व्हान मॉन्टफोर्ट, १९६६. त्यांनी निकेल, पॅलॅडियम, प्लॅटिनम या तिन्हीचे वेगवेगळ्या आकाराचे कण घेऊन त्यावर नायट्रोजन कसा चिकटतो ते इन्फ्रारेडने पाहिलं. विशिष्ट प्रकारे चिकटलेला नायट्रोजन दिसला तो फक्त साधारण १.५ ते ७ नॅनोमीटरच्या कणांवर. त्याहून मोठ्यावर नाही. अगदी बारक्यावरही नाही! त्यांनी कारण दिलं ते असं, की या गॅसला पाच अणूंचा मिळून एक खळगा लागतो, थर अर्धवट चढला की पायरीपाशी तसा खळगा तयार होतो. फार बारीक कणात पायरी पडायला जागाच नाही आणि फार मोठ्यात सगळं सपाट होऊन जातं. त्या खळग्याला बी-फाइव्ह म्हणतात.

रुथेनियमवर अमोनिया करतात तिथेही हेच. १९९९ मध्ये डेन्मार्कच्या लोकांनी रुथेनियमच्या सपाट स्फटिकावर अगदी थोडं सोनं टाकून फक्त पायऱ्या बुजवल्या, तर नायट्रोजन फुटायचाच थांबल्यासारखा झाला. हिशोब निघाला की ५०० केल्विनला पायरीवर नायट्रोजन सपाट जागेपेक्षा किमान अब्ज पट वेगाने फुटतो. अब्ज पट! मी हे वाचलं तेव्हा निवृत्त व्हायला चार वर्षं होती. इतकी वर्षं ज्या लोखंडाच्या खड्यांच्या कॅटॅलिस्टपाशी उभा राहिलो त्यातही काम करणाऱ्या जागा मूठभरच असणार असं मनात आलं आणि त्या खड्यांकडे बघायची नजर बदलली.

तांबडं_फुटलं
काका, अंगावर काटा आला वाचून. उद्या नववीच्या वर्गात संत्री घेऊन जातोय.

सोनसळी
प्राजक्त, तुझ्या मूळ प्रश्नाकडे येते, पण आधी सोन्याबद्दल थोडं लिहू दे कारण माझं सगळं काम त्यावर होतं आणि टायटॅनियाशी ओळख तिथूनच.

सोन्याला काही चिकटत नाही म्हणून तर आपण ते दागिन्यांत घालतो, पिढ्यान् पिढ्या काळं पडत नाही. त्याच सोन्याचे काही नॅनोमीटरचे कण ऑक्साइडवर बसवून ओसाकाच्या मासाताके हारुता यांनी १९८७ मध्ये दाखवलं की सीओचं ऑक्सिडेशन शून्याखाली ७० अंशालाही होतं. पुढे १९९८ मध्ये अमेरिकेत गुडमन यांच्या गटाने टायटॅनियावरच बघितलं तर सगळ्यात जास्त काम ३ नॅनोमीटरच्या आसपास, जिथे सोनं जेमतेम दोन थरांचं असतं. इथेही शिखर मधेच आहे, टोकाला नाही.

आणि हे सोनं सांभाळायला फार नाजूक. क्लोराइड राहिला की कण एकमेकांत मिसळून वाढतात, म्हणून पावडर धूत बसायचं, दर धुण्याचं पाणी परीक्षानळीत घेऊन सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकायचे, पांढरट ढग दिसला की पुन्हा धुवायचं. मी एकदा संध्याकाळी कंटाळून सातव्या धुण्याला थांबले, किंचित धुरकटपणा होता, चालेल म्हटलं. सकाळी भट्टीतून पावडरीचं भांडं काढलं तर जी पावडर फिक्या जांभळसर रंगाची निघायची ती गडद जांभळी निघाली. रंग बघूनच कळलं की कण वाढले, टीईएमची गरजच नव्हती. चार दिवसांचं काम गेलं.

आता तुझं. दोन शक्यता. एक म्हणजे सरासरीची फसगत. २ नॅनोमीटरचे १२५ कण आणि १० नॅनोमीटरचा एकच कण असेल तर साधी सरासरी २.०६ येते, पण निम्मं प्लॅटिनम त्या एकट्यात असतं! केमिसॉर्प्शनशी ताडून बघायचं तर व्यासाच्या घनांची बेरीज भागिले वर्गांची बेरीज अशी सरासरी काढावी लागते, ती या उदाहरणात ३.३ येते. तू ती काढ. पण त्याने २.२ चे १८ होणार नाहीत, आणि एक्सआरडीत (क्ष-किरणांच्या आलेखात) प्लॅटिनमचं पीक दिसलं का? तसं ३९.८ अंशापाशी टायटॅनियाच्या पिकांची गर्दी असते, एक टक्का असेल तर लपूनही जातं, त्यामुळे त्यावर फार विसंबू नकोस.

दुसरी शक्यता मला जवळजवळ खात्रीची वाटते. तू ५०० अंशाला हायड्रोजन दिलास. टायटॅनियावर! १९७८ मध्ये एक्सॉनच्या टॉस्टर, फंग नि गार्टेन यांनी नेमकं हेच पाहिलं होतं. टायटॅनियावरचे प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम वगैरे धातू २०० अंशाला हायड्रोजन देऊन रिड्यूस केले की हायड्रोजन आणि सीओ व्यवस्थित चिकटतात, ५०० ला केले की चिकटणं जवळजवळ शून्यावर येतं, आणि कण मात्र वाढलेले नसतात. याला स्ट्राँग मेटल सपोर्ट इंटरॅक्शन म्हणतात. नंतरच्या कामांत कळलं की अर्धवट रिड्यूस झालेला टायटॅनिया सरपटत कणावर चढतो आणि त्याच्यावर पातळ साय धरते. कण २.२ चाच आहे गं, तो झाकला गेलाय. तुझं टीईएम खरं आहे आणि केमिसॉर्प्शनही खरं आहे, फक्त त्या आकड्यावरून आकार काढणं चूक होतं.

प्राजक्त_फूल
सोनसळीताई, काय बोलू. ५०० अंश मी एका जुन्या प्रबंधातून उचललं होतं, तो अ‍ॅल्युमिना या वेगळ्याच आधारावरचा होता. आता काय करू, नमुना वाया गेला का?

सोनसळी
अजिबात नाही. साय उतरवता येते. ४०० अंशाला ऑक्सिजनमध्ये तासभर ठेव, थंड कर, मग फक्त २०० ला हायड्रोजन दे, हीलियमने नीट झाड आणि पल्सेस दे. हायड्रोजन पृष्ठभागावर राहिला तर आकडा पुन्हा चुकेल म्हणून हीलियमची घाई करू नकोस. आणि ऑक्सिजन देतेस तर त्यानंतर टीईएम परत काढ, त्या पायरीत कण वाढले नाहीत हे दाखवायला.

दूरदेशी
अजून एक सुचवतो, जमलं तर सीओ चिकटवून इन्फ्रारेड घ्या. प्लॅटिनमवर सरळ उभ्या सीओचा पट्टा २०५० ते २१०० वेव्हनंबरच्या (एका सेंटीमीटरमधल्या लहरींच्या) दरम्यान येतो, कडेकोपऱ्यावरचा त्यातल्या खालच्या बाजूला, सपाट जागेवरचा वरच्या बाजूला. म्हणजे किती चिकटला याबरोबर कुठे चिकटला हेही कळेल, आणि तुमचा विषयच तो आहे. शिवाय एका अणूवर एक सीओ हे गृहीतक प्लॅटिनमला ठीक, पण पॅलॅडियमवर सीओ दोन-तीन अणूंत मिळून बसतो आणि ऱ्होडियमच्या अगदी बारीक कणांवर उलट एका अणूवर दोन बसतात, इतकंच नव्हे तर त्या अणूला कणापासून सोडवून बाजूला काढतात. मोजायला गेलेला गॅसच कण मोडतो.

भट्टीवाले_काका
दूरदेशी यांनी बरोबर मुद्दा काढलाय, त्यालाच जोडून माझी एक कळकळीची सूचना, प्राजक्त बेटा. तुमच्या लॅबमध्ये कोणी निकेलवर काम करत असेल तर त्याला सीओने केमिसॉर्प्शन करू देऊ नकोस, हायड्रोजन वापरायला सांग. सीओ आणि बारीक निकेल कमी तापमानाला एकत्र आले की निकेल कार्बोनिल होतं, ते वाफेसारखं उडतं आणि भयंकर विषारी आहे. कारखान्यात मेथॅनेटर (उरलेल्या सीओचं मिथेन करणारं निकेल भरलेलं पात्र) थंड होताना २०० अंशाच्या खाली सीओ असलेला गॅस त्यावर जाऊ द्यायचा नाही हा नियम आम्ही डोळ्यांत तेल घालून पाळायचो. रात्रपाळीला शटडाऊन असेल तर मी स्वतः व्हॉल्व्हपाशी उभा राहून नायट्रोजन सुरू झाल्याची खात्री करायचो, मगच जेवायला जायचो. कण बारीक तितका हा धोका वाढतो.

प्राजक्त_फूल
उशीर झाला लिहायला, नंबर लागायला पुन्हा अडीच आठवडे गेले.

काल केलं. ४०० ला ऑक्सिजन, २०० ला हायड्रोजन, हीलियम पूर्ण दीड तास. पहिली पल्स दिली, रेषा सपाट. दुसरी, सपाट. तिसरीला मी खुर्चीवरून उठून स्क्रीनपाशी गेले. चौथी सपाट, पाचवी सपाट, सहाव्याला छोटंसं टेकाड आलं आणि सातव्यापासून सगळी पीकं एका उंचीची. ग्रॅमला ०.४९ मिली, म्हणजे २२ मायक्रोमोल, डिस्पर्शन ४३ टक्के, कण साधारण २.६ नॅनोमीटर. सोनसळीताईंनी सांगितलेली घन-वर्गवाली सरासरी टीईएमच्या जुन्या मोजणीतून काढली तर ती २.५ आली!! ऑक्सिजननंतरचं टीईएमही काढलं, कण तेवढेच आहेत.

मग तोच नमुना, जागेवरून न हलवता, मुद्दाम पुन्हा ५०० ला हायड्रोजन देऊन परत पल्सेस दिल्या. दुसऱ्या पल्सला पूर्ण पीक. गाईडना दोन्ही आलेख शेजारी शेजारी ठेवून दाखवले, ते बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, हे प्रबंधात स्वतंत्र प्रकरण कर.

काका, आमच्याकडे एक ज्युनिअर खरंच निकेलवर काम करतोय आणि त्याने पुढच्या सोमवारचा सीओचा स्लॉट बुक केला होता. तुमचा प्रतिसाद त्याला फोनवर वाचून दाखवला, त्याने रात्रीच स्लॉट बदलून हायड्रोजनचा घेतला.